कार्डाचा फाडलेला कोपरा

सोलापूर,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५०

तीर्थस्वरूप धुळाप्पा अण्णांच्या पायांवर धाकट्या गुंडाचं डोकं. (शाळेतला मायना इथं संपला. पुढं घरचं ‘तू’ चालवतो. मागच्या कार्डात पोरांना दाखवायला म्हणून तुला ‘आपण’ लिहिलं, तेव्हाच कुठंतरी माशी शिंकली असावी.)

आधी हिशेब मांडतो. पोस्टकार्डाचा नखाएवढा कोपरा मी फाडला, त्याला खरा खर्च आला तो असा: तुझी जन्मात कधी न उतरवलेली मिशी, डोक्यावरचे केस, घरची एक दिवस न पेटलेली चूल, आणि दोन पाठी. त्यांतली एक शेळीची, म्हणजे तरणी न व्यालेली, गाडीभाड्यासाठी तू पडत्या भावात विकलीस ती. दुसरी तुझी स्वतःची, जाताना मला दाखवलीस ती. मिशी आपोआप येईल, शेळीची पाठ मी घेऊन देईन. दुसरीचं काय करायचं ते कळेना, म्हणून हे पत्र.

गोजाबाई वहिनींचा गुडघा कसा आहे? विहिरीला पाणी टिकून आहे ना? मेंढरं कुठल्या रानात बसवलीस? आणि मकदूमभाई, तुम्हाला सलाम. शिवणयंत्र सोडून तुम्ही हे पत्र अण्णाला वाचून दाखवत असाल, हे मी धरून चाललो आहे. (तुम्ही त्या आठवड्यात बहिणीच्या निकाहाला गेला नसता तर ते कार्डही तुम्हीच वाचलं असतं, आणि मला सोलापुरात तोंड राहिलं असतं. पण तुमच्या बहिणीला बोल कसा लावू.)

आता तुला समजावं म्हणून माझ्या धंद्याची एक रीत सांगतो. निबंध लिहून आणायला सांगितला की आमची पोरं एकाच निबंधावर चौघांचं काम भागवतात. माझा शेरा मिळालेला कागद मागच्या बाकावर जातो, नाव बदलतो आणि पुन्हा माझ्यापुढं येतो. म्हणून तपासलेल्या कागदाचा कोपरा मी फाडतो. कोपरा फाटला म्हणजे कागद निकालात निघाला. वर्षानुवर्षं हाताला हीच सवय, डोक्याला विचारावंही लागत नाही.

तर यंदा मला हुशारी सुचली. पोरं निबंधात ‘सूर्योदयाची रमणीय शोभा’ लिहितात, आणि मधल्या सुट्टीत मात्र ‘आज्जीनं मला लई मारलं की’ असं झकास बोलतात. मी म्हटलं, शोभा बंद, खरीखुरी पत्रं लिहा, आपापल्या गावी, आपल्या माणसाला. पोरांनी कार्डं आणली, मन लावून लिहिली. नमुना म्हणून मीही तुला एक लिहिलं: ‘आईच्या डोळ्याचं औषधपाणी उत्तम चाललं असून येथील सर्व क्षेम आहे.’ मग सगळी कार्डं तपासली, आणि (मकदूमभाई, हे भरकन वाचून टाका) तपासली तशी सगळ्यांचे कोपरे फाडले, माझ्यासुद्धा. कासीम शिपायानं गठ्ठा नेऊन पेटीत टाकला. फाटक्या कोपऱ्याचं पत्र म्हणजे घरचं माणूस गेलं, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मला कळायला तू यावा लागलास.

पुढचं तुला पाठ आहे, पण आईनं तिच्या बाजूनं मला सांगितलेलं तू ऐकलं नाहीस. मी तुला घरी आणलं तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती. डोळ्याला पट्टी, त्यामुळं तिनं आधी तुझ्या तोंडावरून हात फिरवला.

‘‘धुळ्या, मिशी कुटं ठिवलीस रं?’’

‘‘तुज्यासंगं गेली.’’

‘‘मी तर हितंच हाय की.’’

तू तिच्या पायाशी बसलास. तिनं विचारलं, ‘‘लई रडलास व्हय?’’ तू तिच्या पुढ्यातला लसूण सोलायला घेतलास. पण अण्णा, आई खूश आहे. मेल्यावर थोरला कसा रडेल ते जिवंतपणी कळलेली म्हातारी म्हणून गल्लीत तिचा मान वाढला आहे. येईल त्याला सांगते. पद्मशाली विणकरांच्या म्हाताऱ्या तिला तेलुगूत काहीतरी विचारतात, ती मराठीत तुझं रडणं सांगते, आणि दोन्हीकडून डोळे पुसले जातात.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटाहून माझ्या वर्गातल्या सिद्धाप्पाची आजी आली. नातू जिवंत बघून तिनं आधी त्याला पोटाशी धरलं, मग मला कानडीत शिव्या घातल्या. कानडी मला समजतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं. केम गावाहून आणखी एकाचे मामा आले. हेडमास्तरांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, ‘‘मास्तर, तुमच्या पोरांचं लिखाण फार परिणामकारक उतरतंय.’’

हे सगळं मी हसून सांगतो आहे, कारण न हसता सांगता येत नाही. माझा अभिमान तुला ठाऊक आहे. मेंढरामागचं पोर, गावात फळा नव्हता, आणि आज माझे कान असे की दाराआडचं माणूस एक शब्द बोललं तर मी त्याचा तालुका सांगतो. ‘हितं’ कसं म्हणतो त्यावर करमाळा की सांगोला हे ओळखतो. त्या दिवशी तू बराच वेळ शाळेच्या अंगणातल्या लिंबाखाली बसलास, ते मात्र मला कळलं नाही. वर्ग पडला मागच्या अंगाला, तिथं आवाज येत नाही, असं मी तुला सांगितलंच. आणि जाताना तू जे म्हणालास, ‘‘आमी कागद वाचत न्हाय गुंडा, बघतो. तुज्या लेकीचं, राजीचं लगीन तुजं तू उरक,’’ ते मी रोज वर्गात शिरताना ऐकतो. कोपरे फाडणं सोडलं आहे. पोरं आता एकच निबंध पाचवेळा दाखवतात, आणि मी पाचही वेळा वाचतो.

आईचा आशीर्वाद.

तुझा,
गुंडा

ता. क. राजीचं लग्न वैशाखात ठरलं आहे. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावून धाडतो. कोपरे बघून घे. तिला मामा नाही, तेव्हा तिचा हात धरून मांडवात कोण नेणार ते तिनं मला विचारलं, मी ‘अण्णा’ म्हणून मोकळा झालो आहे. मिशी असो नसो, ये.

पुन्हा ता. क. मकदूमभाई, दुकानात कोणी बसलं असेल तर त्याला चहाला पाठवा आणि हे हळू वाचा. अण्णा, त्या दिवशी बाहेर रडणं ऐकू आलं तेव्हा मी पोरांना दुःखाचं पत्र कसं लिहावं ते शिकवत होतो. मी खडू थांबवून म्हणालो, ऐका, हा गळा अक्कलकोटच्या पलीकडचा, शेवट कसा कानडी ओढीचा आहे. बाहेर कोणी भेटायला आलंय म्हणून कासीम सांगायला आला, त्याला म्हटलं, तास संपेपर्यंत बसू दे. तुला रडताना मी कधी ऐकलंच नव्हतं. आमचा वर्ग मागच्या अंगाला नाही. त्याची खिडकी लिंबाखालीच उघडते.