अख्खी चिठ्ठी

बाबा, निकालाच्या दिवसांत तुम्ही पंखा बंद करायचे तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. एप्रिलातलं ऊन, वाडीतली आपली भाड्याची खोली, बाहेर ट्रकांची घरघर, आणि चटईभर तुमच्या चिठ्ठ्या. एका विद्यार्थ्याची एक चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि गुण. जास्त गुणांची वर सरकवायची, कमी गुणांची खाली. शाळेत सगळे म्हणायचे, निकाल लावावा तर आपल्या क्लार्कनंच; वीस वर्षांत एक नाव इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी मध्ये हात घातला की तुम्ही ओरडायचे, "अख्खी चिठ्ठी उचल वं! फाटली तं नाव एकाचं न् मार्क दुसऱ्याचे होतीन."

मी तेव्हा बर्डीच्या बाजारपेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. सी भाषा शिकायला लागून जेमतेम दीड महिना, आणि अक्कल पाजळायची हौस केवढी! म्हटलं, बाबा, यंदा पंखा चालू ठेवा, नववीचा निकाल मशीन लावेल. तुम्ही गुण वाचत गेले, मी लिहून घेतले आणि क्लासमध्ये जाऊन मीच लिहिलेल्या प्रोग्राममध्ये भरले. आकडे वरून खाली बरोबर उतरत गेले, एवढंच मी पाहिलं. छापलेला कागद हातात घेऊन तुम्ही म्हणाले, "नावं तं हजेरीपटासारखीच लागून राहिली वं. असं कसं होईन?" मी हसले. "कॉम्प्युटर चुकत नसते, बाबा." तुम्ही तो कागद शाळेच्या फळ्यावर लावला, माझ्या भरवशावर.

दुसऱ्या दिवशी शाळेत बोंबाबोंब. हजेरीतला पहिला पोरगा वर्गात पहिला, आणि दरवर्षी पहिली येणारी पोरगी शेवटून दुसरी. ती फळ्याखाली बसून रडते आहे, तिची आई तुमच्याकडे बोट दाखवते आहे. हेडमास्तरांनी मलाही बोलावलं, विचारलं, चूक कुठे झाली? आणि मी, तुमची शिकलेली पोरगी, म्हणाले, "बाबांनी वाचताना ओळ सोडली असेल." तुम्ही जाऊन फळ्यावरचा कागद उतरवला. निकालाचं काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेलं. घरी येऊन तुम्ही आईला म्हणाले, "डोळे गेले वाटते माहे."

मग मी तो प्रोग्राम क्लासच्या सरांपुढे ठेवला. चार नावं घेऊन आम्ही वहीवर एकेक पायरी चालवली. दोघांची अदलाबदल करायची तर मध्ये एकाला ठेवायला रिकामी जागा लागते; ती मी फक्त आकडा मावेल एवढीच केली होती. गुण उठून दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसत होते, नावं जागची हलत नव्हती. सर म्हणाले, "अख्खा स्ट्रक्ट काहून नाही हलवला?" स्ट्रक्ट म्हणजे नाव आणि गुण एकत्र बांधलेलं गाठोडं. तुमची चिठ्ठीच की हो, बाबा! ती मधोमध फाडून मी निकाल लावला होता. चार ओळी बदलल्या न् सगळं ठीक झालं.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होते. साधं रेशनकार्ड कोणी वाचायला दिलं तरी म्हणायचे, "पोरीले दाखवा, माहं चुकते." ते ऐकून मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे, तरी तोंड उघडलं नाही. पुढे मीच शिकवायला लागले तेव्हा पोरांना सांगत आले की ही चूक मला वडील गेल्यावर सापडली. खोटं आहे ते. फळ्यावरचा कागद उतरवल्याच्या चौथ्या दिवशीच सापडली होती. तेच सांगायला मी घरी धावत आले, तर तुम्ही नवा चष्मा लावून दारात उभे. "आता साफ दिसून राहिलं वं," म्हणाले, इतके खूश होऊन. मी म्हटलं, छान दिसतो चष्मा.

हे पत्र मी आईलासुद्धा दाखवणार नाही. ती अजून म्हणते, तुह्या बाबाच्या डोळ्यांनं दगा देल्ला. मी हो म्हणते. आज सकाळीही हो म्हणाले.