बरोबरीची मजुरी

अकोला

प्रिय फुरकान,

अम्मी बरी आहे, खोकला गेलाय. आज मन इतकं हलकं आहे की फोनवर सगळं मावलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आमच्या चिकन कारखान्याचं तुला ठाऊकच आहे. कोंबडी साफ करायची, कापायची, पाकिटात भरायची. काम सारखंच, पण पुरुषांना दीडशे रुपये रोज आणि बायांना नव्वद. तोंड उघडलं की ठेकेदार फाटकाकडे बोट दाखवायचा. कापूस बुडाल्यापासून तेल्हाऱ्याकडच्या बाया सकाळपासून तिथे कामासाठी उभ्या असतात. मग आम्ही पुन्हा सुरी उचलायचो.

मागे तू सांगितलं होतंस, कुवेतलाही एकाच पट्ट्यावर कोंबडी कापणाऱ्या फिलिपिनो माणसाला जास्त पगार, तुला कमी आणि नेपाळी पोराला त्याहून कमी. जेवणाच्या सुट्टीत ते मी चतुराबाईंना सांगितलं. आमच्यात त्या सगळ्यांत जुन्या. हसून म्हणाल्या, "तिथं पासपोर्ट पायतात, इथं लुगडं पायतात." मग डबा झाकला आणि एकेकीशी बोलायला उठल्या.

सोमवारी कोंबड्यांचा ट्रक आला आणि आम्ही सुऱ्यांना हातच लावला नाही. ठेकेदार ओरडला, "बाहेरच्यांना आत घेतो!" चतुराबाई थेट फाटकाबाहेर गेल्या आणि त्या बायांना म्हणाल्या, "हा आज आमाले काढून तुमाले घेईन, उद्या तुमालेबी असंच काढीन. बसा इथंच." कुणी हललं नाही. मग माणिकबाई नावाची एक, कडेवर तान्हं घेतलेली, मातीत बसली. तिच्यामागे सगळ्या. उन्हात ट्रकातल्या कोंबड्या माना टाकू लागल्या, तसा मालक स्वतः आला. दुपारपर्यंत कबूल झाला, बायांना पुरुषांइतकीच मजुरी. माणिकबाईलाही कामावर घेतलं. मी घरी येऊन आडवी झाले ती थेट संध्याकाळी मगरिबच्या अजानला उठले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

आता खरं सांगते. तुझ्या खोलीतल्या हसनैननं परवा फोन केला होता. त्यानं सांगितलं, तिथल्या थंड हॉलमध्ये कापून कापून तुझ्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, चहाचा कप तो तुझ्या ओठाला लावतो, आणि तरी तू आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करणार आहेस, आमच्यासाठी. अम्मीला मी हे बोलले नाही. फुरकान, घर आता माझ्या मजुरीत चालतं. सही करू नकोस. मुंबईचं तिकीट काढ. अकोला स्टेशनवर मी तुला घ्यायला येते.

तुझीच,
शाहीन आपा