आज पाणी सोडू नका

आवं, कडी वाजली तशी वाटलं तुम्हीच आलात, मांजर होतं. तान्ही झोपलीय तोवर लिहिते.

आज आपली पाटाची पाळी, पण खालच्या उसात पाणी सोडू नका, पाया पडते. पाळी वाया जाऊ नये म्हणून आपण दर खेपेला सऱ्या तुडुंब भरल्या, त्यानंच ऊस पिवळा पडलाय. खुरप्यानं वीतभर उकरलं तर खाली पाणी लागलं. वर मातीला पांढरं फुटलंय.

मी शेजारच्या अंबूबाईंकडं जाते. साचलेलं पाणी उतरवायला ओढ्यापर्यंत चर काढायचाय, त्याला त्यांच्या रानातून वाट मागते. तुमचं भांडण असू दे, पदर मी पसरीन. आपल्याला दुसरं रान नाही. भाकरी टोपल्यात आहे. रागानं उपाशी राहू नका.

सोपान ढेकूळ चाटून विचारतोय, "आई, आपल्या रानात मीठ कुणी पेरलं?"