पात्यावरचं नाव

इस्तंबूल
शाबान, शेवटचा शुक्रवार

प्रिय ईवाजदादा,

सलाम. इथे सगळं ठीक आहे. बुर्सात तुझं सुऱ्यांचं दुकान चांगलं चाललंय, असं ऐकतो. वहिनीने पाठवलेले सुके पीच पोचले. बाबांनी दोन दिवसांत त्यांचा फडशा पाडला आणि मग मलाच विचारलं, कोणी संपवले म्हणून.

ईदेला बादशहांना नजर करायची तलवार तयार झाली. मुठीला पाचू, म्यानावर फिरोजे, पात्यावर सोन्याची वेल. बाबांची नजर अधू झाल्यापासून कोरायचं आणि सोन्याची तार ठोकून बसवायचं काम माझ्याकडेच आहे. ते नुसता अंगठा फिरवतात. कुठे बोट अडलं की माझा उद्धार.

आपल्या घरची पद्धत तुला माहीतच आहे. मुलाचं पहिलं दरबारी काम असलं की मुठीजवळ त्याचं नाव बाप आपल्या हाताने कोरतो. तू भांडून गेलास, म्हणून तुझं राहिलं. या वेळी माझं होतं. मी कोळसा आणायला बाहेर गेलो. संध्याकाळी परत आलो तर बाबा पातं पुसत बसले होते आणि त्यावर सोन्याच्या तारेत तुझं नाव होतं. डोळे अधू झाले तरी हात विसरलेला नाही; अक्षर सुरेख आहे.

तू गेलास तेव्हा तुझं नाव तोंडातून काढणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली होती. गेल्या हिवाळ्यापासून ते मलाच ईवाज म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग एकदा सूप पिता पिता त्यांनी विचारलं, "लुत्फी कोण?" तेव्हापासून मी ईवाजच्या हाकेला ओ देतो.

आमच्या कारखान्याचे सरउस्ताद फेर्हात आगा पातं बघून आधी हसले. मग म्हणाले, "घाम तुझा आणि मानाचा झगा त्याला? तार उपस, खाच भर, आपलं नाव घाल. ईदेला अवकाश आहे." दरबाराचा नियम सरळ आहे. ज्याचं नाव, त्याला झगा.

मी छिन्नी घेऊन बसलोही होतो. बाबा शेजारी येऊन बसले. माझ्या वेलीवरून त्या अक्षरांपर्यंत अंगठा फिरवून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, ईवाज? तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होणार." माझ्या कामाबद्दल ते असं कधीच बोलले नव्हते. मी म्हटलं, "हो बाबा." छिन्नी ठेवून दिली. राग मला तुझाच आला, त्यांचा नाही.

तेव्हा तलवार तशीच जाईल. तुला ईदेच्या आधी यावं लागेल. झगा घ्यायला तिथे ईवाज लागेल आणि दरबारात ओ द्यायची माझी तयारी नाही. मापात बसतो की नाही ते तुझं तू बघ.

बाबा तुला ओळखतील असं वाटत नाही. पण आलास की एक कर. दारातूनच, त्यांना ऐकू जाईल अशी मला हाक मार. या घरात माझं नाव कोणी घेऊन बरेच दिवस झाले.

तुझा धाकटा भाऊ,
लुत्फी