सरूची नखं

४ डिसेंबर १९९१, बुधवार

डोळ्यांत टिपूस नाही. बायका येतात, गळ्यात पडून रडतात आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवते — जणू नवरा त्यांचा गेलाय! लाज वाटते.

जो येतो तो हेच सांगतो, महिपती मास्तरांनी मला माणसात आणलं. पेणच्या शाळेत यांनी तीस वर्षं गणित शिकवलं, ते कुणाच्या लक्षात नाही. कबड्डी तेवढी राहिली. एका खिशात शिट्टी, दुसऱ्यात ब्लेडचं पान. सामन्याआधी सगळ्यांना ओळीत उभं करून नखं बघायची, वाढलेली दिसली की तिथल्या तिथे कापायला लावायची. ‘समोरच्याला ओरखडा नाय उठला पायजे.’ रविवारी हे कधी घरी सापडले असतील तर ते तापाने पडलेले. यांच्या अर्ध्या चड्ड्यांची लाल माती धुता धुता माझी बोटं झिजली. माती काही गेली नाही.

५ डिसेंबर

रविवारी रोह्याला मुलींचा अंतिम सामना आहे. आपल्या संघाची सगळी भिस्त सरूवर, म्हणजे आमच्या नातीवर. यांनीच परसात चुन्याच्या रेघा मारून तिला तयार केली. पोरीला दम इतका की एका श्वासात अख्खी परसबाग फिरून यायची! आणि रविवारी सुतकाचा आठवा दिवस.

धोंडुवन्सं, यांची थोरली बहीण, गागोद्याहून आल्या आहेत. त्यांनी विषय काढला. ‘‘सुतकातली पोर लोकांच्या पोरींना जाऊन शिवणार? लोक तोंडात शेण घालतील गो.’’ आमचा मुलगा गोविंदा माझ्याकडे वळला. आई, बाबांना काय वाटलं असतं?

सरू दाराशी उभी होती.

‘‘त्यांना आवडलं नसतं,’’ मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पाण्याची कळशी उचलून गेली. विषय मिटला. या बाबतीत बायकोच्या वर कोण बोलणार?

६ डिसेंबर

खोटं बोलले.

सासूबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी हे शिट्टी घेऊन रोह्याला गेले होते. अंतिम सामना होता. ‘‘पोरांची वर्षाची मेहनत आईच्या नावानं वाया घालवू?’’ एवढं म्हणून एसटीत बसले. मागे राहिले मी. भावकीची बोलणी खाल्ली, आणि मग महिनाभर यांच्याशी अबोला धरला.

म्हणजे यांना काय वाटलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. लोकांची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर राग होता. जन्मभर मैदानाने माझा माणूस नेला. निदान हे दहा दिवस तरी मैदानाने आमच्या दारात येऊ नये असं वाटलं. त्याची किंमत पोरीने का द्यायची? उद्या सांगून टाकते.

७ डिसेंबर

नाही सांगितलं. वन्सं दिवसभर ओटीवरच होत्या.

दुपारी धरमतरहून हिरामण आला, यांच्या जुन्या संघातला. मिठागरात काम करतो. बसल्या बसल्या जुनी गोष्ट सांगू लागला. एका अंतिम सामन्यात समोरच्या गड्याचा अंगठा त्याच्या नडगीला लागला होता, म्हणजे हा बाद. पंचाने पाहिलं नाही, हा तसाच खेळत राहिला, आणि शेवटची पकड यानेच केली. कप आला. यांनी मात्र पाहिलं होतं.

‘‘मास्तर ओरडले नायत, काय नाय. नुसती वाट बघत रायले. चौथ्या दिशी मीच आलो हितं. म्हनाले, लागलं की ज्याचं त्यानं हात वर करायचा. दुसऱ्यानं सांगून काय उपेग?’’

तो कप हिरामणनेच परत नेऊन दिला. आमच्या फडताळातून कप कुठे गेला, ते मला आज कळलं. मी तेव्हा यांच्यावरच वैतागले होते, घरात आलेली एक चांगली वस्तूही टिकत नाही म्हणून.

त्याला चहा दिला. साखर घालायची विसरले. त्याला वाटलं, दुःखाने.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी सरू भाकरी घ्यायला बसली तेव्हा वन्संचं लक्ष गेलं. पोरीने नखं कापलेली, अगदी मुळापर्यंत! सुतकात कुणी नखं कापतं का, घरादाराला दोष लावतेस का — वन्सं तासभर बोलत होत्या. सरूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी भाकरी उलटली.

रोह्याची एसटी गेली तो आवाज इथवर आला. त्यानंतरही ती पायरीवर बसून होती.

संध्याकाळी गोविंदा नाक्यावरून आला तो बातमी घेऊनच. आपल्या पोरी हरल्या, दोन गुणांनी. सरू असती तर जिंकलो असतो, असं तो म्हणाला नाही. कुणीच म्हणालं नाही.

१० डिसेंबर

दहावं झालं. मला वाटत होतं, पिंडाला कावळा अडेल आणि सगळ्यांसमोर माझं बिंग फुटेल. कुठलं काय! पान ठेवायची खोटी, लगेच शिवला. माझ्याकडून यांना काही नकोच होतं. त्याने जास्तच मेल्यासारखं झालं.

११ डिसेंबर

आज सरूला परसात गाठलं आणि सांगितलं. आजोबांनी तुला पाठवलंच असतं. मी खोटं बोलले.

‘‘माहीत हाय, आज्जे. पणजीच्या वेळचं त्यांनीच सांगितलं व्हतं मला.’’

मग बोलली का नाहीस गो?

‘‘लागलं की ज्याचं त्यानं हात वर करायचा. तू करशील म्हणून नखं कापून बसले व्हते.’’