बेटावर लोखंड चालत नाही

भाद्रपद व. २, सोमवार
बुलढाण्याहून जंगल खात्याच्या साहेबांचं उत्तर आलं. आमच्या तलावातल्या बेटावरची झाडं दिवाळीनंतर कोळशाच्या ठेकेदाराला. पक्ष्यांच्या घरट्यांची गोष्ट ऐकीव आहे म्हणे. कुणी डोळ्यांनी पाहून, मोजून, सही करून दिलं तर नागपूरला कळवू. ठीक. मोजतो. बारा वर्षं या गावच्या पोरांना पाढे शिकवतोय, घरटी काय जड आहेत?

व. ३
दगडूबुवा भोयाकडे गेलो. बेटाची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे. "अंड्याच्या दिवसात तिकडं कोनी जात नाही, गुरुजी." झाडं तुटणार म्हटल्यावर तयार झाला. मग दोन अटी. पाण्यात काठी-वल्हं मारायचं नाही. पक्षी उडते अन् कावळे अंडे नेते. अन् बेटावर लोखंड न्यायचं नाही, सुई का असेना. मग जायचं कसं? "ते तुम्ही पाहा. शिकेल मानूस तुम्ही."
डोकं फिरलं. घरी येऊन सौ.वर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता.

व. ५
वाट सापडली. हमीदचाचा शिंपी तरुणपणी मुंबईस गलबतांची शिडं शिवायचा. सात वर्षं त्याच्याकडून सदरे शिवून घेतो, आज कळलं. "तुमी कधी इचारलंच नाही," म्हणतो. शिडाचा तराफा करायचा. पांगाऱ्याचे हलके ओंडके, अंबाडीचा दोर, खिळा एक नाही. शिडाला सौ.नं घरातलं जाजम दिलं, वर टोमणाही. "पितरपाटात लोक कावळ्याले जेवू घालते, अन् तुम्ही त्याच्या तोंडचा घास काढून राह्यले."

व. ८, रविवार
घरी येताच लिहायला बसलो.
सकाळी पश्चिमेच्या काठावर, वारा पाठीमागून. सारं गाव हजर. परत ओढायला दोराचं टोक काठाला बांधलेलं. दगडूबुवानं चाकू काढून घेतला, किल्ली घेतली. मग माझ्या तोंडाकडे बोट. "हे?"
चष्मा. काड्या पोलादाच्या.
गयावया केली, चिडलोही. "माह्या बापानं तिथं विळा नेला नाही," एवढंच उत्तर. चष्म्याशिवाय मला समोरचा बैल दिसत नाही, आणि साहेबांना पाहून-मोजून सही हवी, ती करणारा गावात मीच एक. सगळं मुसळ केरात.
हमीदचाचा पुढे झाला. चष्म्याची दोन्ही भिंगं काढली, कापडाच्या पट्टीत शिवली, माझ्या तोंडावर बांधली. दगडूबुवानं निरखून पाहिलं. "आता घुबड दिसता. चला."
बुवा माझ्यासोबत बसला. जाजम फुगलं नि निघालो. आवाज म्हणून नाही. बगळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. बाभळी पांढऱ्याफेक, फांदीफांदीला घरटं, पिल्लांचा नुसता कल्ला, वास नाकात शिरलेला. पेन्सिलीनं खुणा करत दोनदा मोजली. दोनशे चौदा. एक पक्षी उडाला नाही.
दगडूबुवा डोळे पुसत होता. "राखण केली जन्मभर. अंड्याच्या दिवसात पाह्यलं नव्हतं कधी."
जिंकलो. आकडा सहीनिशी उद्याच्या टपालात.

आश्विन शु. ३
साहेब स्वतः आले. ठेकेदार म्हणतो, मास्तरनं आकडा फुगवला. "मी जाऊन बघणार."
दगडूबुवानं धोतराचा सोगा पसरला. "लोखंड."
घड्याळ पडलं. किल्ल्या, पट्टा. मग बुवानं बुटांकडे बोट केलं. टाचांना नाल. साहेब लाल झाले, माझ्याकडे पाहू लागले. म्हटलं, "साहेब, माझा चष्मासुद्धा काढायला लावला होता."
साहेब बाभळीच्या मुळावर बसले आणि नाड्या सोडू लागले.
काठावरच लिहितोय. तराफा आत्ता बेटाला टेकला. झाडांत साहेबांची टोपी दिसते, पुढं दगडूबुवा. बूट माझ्याजवळ, राखण मला सांगितली आहे. अजून एकही पक्षी उडालेला नाही.