अडीच स्लग

चिखली,
५ ऑगस्ट २०२४

चि. पुष्पांजलीस,
आबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना हा म्हातारा पत्र काऊन लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर बोललो की तुझी आजी शेजारच्या खाटेवरून सगळं ऐकते, म्हणून कागद. तिच्या पोटातली गाठ आता काढण्याजोगी नाही, हे तुझ्या बाबांनी, राजकुमारने, तुला सांगितलंच आहे. डॉक्टर म्हणाले, दर रविवारी वजन करा. भराभर उतरू लागलं तर लांबच्यांना बोलावून घ्या. तुझ्या बाबांनी परदेशातून आणलेला पाऊंडांचा काटा आहेच. काल सत्त्याण्णव भरलं. तुझ्या आजीला काट्यावरचं दिसत नाही, पण आकडा विचारल्याशिवाय खाली उतरत नाही. अन् पाऊंडभर कमी ऐकलं की दोन दिवस भाकरीकडे बघत नाही.

तू मागे म्हणालीस, तुमच्या विमानांच्या वर्गात पाऊंडांचे स्लग करतात अन् आकडा एकदम लहान होतो. ते कसं करायचं, मला कळव. मी जन्मभर वर्गात कवितेच्या मात्रा मोजल्या. घरचे भागाकार तिनेच केले.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझे आबा


कॅन्सस,
२७ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आबांस,
पुष्पाचा शि. सा. न.

आजीला फसवायला मलाच सूत्र मागता, आणि वर मास्तर म्हणवता! तरी सांगते. पाऊंडभर जोराने ढकलल्यावर ज्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे एक फूट वाढतो, ती एक स्लग. म्हणजे ढकलणाऱ्याला ती किती अडून बसते, त्याचं माप. वजनाच्या पाऊंडांना ३२.१७४ ने भागायचं. उलट यायचं असेल तर तेवढ्यानेच गुणायचं. आजीचे सत्त्याण्णव म्हणजे तीन आणि वर किंचित. बत्तीस पाऊंड उतरावेत तेव्हा कुठे एक स्लग कमी होतो. बिनशंखाच्या गोगलगाईलाही इंग्रजीत स्लगच म्हणतात, ते मात्र आजीला सांगू नका.

एक अट आहे. तिला स्लग सांगा, मला पाऊंडच लिहा. बाबा मलकापुरात, त्यांना विचारलं तर तेही तुमचाच आकडा सांगतात. आजी हल्ली व्हिडिओवर येत नाही, नुसता आवाज ऐकवते.

माया असू द्या, नेहमीपेक्षा थोडी जास्त.
आपली पुष्पा


चिखली,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. पुष्पांजलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं सूत्र गुणकारी ठरलं बाई. पाच रविवार मी तीनच सांगितले. ती खूष. ज्वारीच्या कण्या मागून खाल्ल्या, वर ताक. शेजारच्या गोजरबाईला म्हणे, अमेरिकेच्या मापानं मी हाय तितकीच हाय. मग एका रविवारी अडीच सांगावे लागले. तेही तिने मानाने घेतले.

तुलाही अडीचच लिहितो. पाऊंड लिहायला पेन उचललं की हात थांबतो. शाळेत मी शिकवायचो, चरणाचं शेवटचं अक्षर लघू असलं तरी गुरू धरायचं. त्याने कवितेचा तोल राहतो. तशीच ही थोडी सवलत समज. काल संध्याकाळी ओट्यावर बसून तिला तिसरीच्या पुस्तकातली पावसाची कविता म्हणून दाखवली. दुसरं कडवं मी विसरलो, तिने सांगितलं.

अभ्यास कर. आठवण ठेव, काळजी ठेवू नको.
तुझे आबा


कॅन्सस,
४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न.

दिवाळीला तुम्ही पाठवलेल्या चकल्यांचा भुगा झाला, चमच्याने खाल्ला. तुमच्या अडीचला मी गुणून पाहिलं. ऐंशी पाऊंड, म्हणजे छत्तीस किलो. एवढ्यावर धीर धरवतो. परीक्षा बारा डिसेंबरला संपते, चौदाचं तिकीट काढलंय. पण आबा, आकडा त्याहून कमी असेल तर परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते. मी लवकर येऊ का, एवढंच लिहा.

उत्तराची वाट पाहणारी,
पुष्पा


चिखली,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. पुष्पांजलीस आशीर्वाद.

परीक्षा देऊनच ये. आजी अडीचच आहे.

आबा


कॅन्सस,
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
सा. न.

सुखरूप पोहोचले. तेराव्याच्या दिवशी तुमच्या कपाटात कवितांच्या वह्या लावताना शेवटच्या वहीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले रविवार सापडले. ऑक्टोबरात त्र्याहत्तर. नोव्हेंबरात सहासष्ट. सहासष्टचे दोन होतात आबा, अडीच नाही. हे सूत्र मीच तुम्हाला शिकवलं होतं. दहा डिसेंबरला फोन आला तेव्हा मी पेपराला निघाले होते. घरी पोहोचले तेव्हा खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती.

मी रागावलेली नाही असं लिहायला बसले होते. ते लिहिता येत नाही.

पुष्पा


चिखली,
३० जानेवारी २०२५

चि. पुष्पांजलीस,
आशीर्वाद मागितला नाहीस तरी देतो.

रागाव. तुझा राग बरोबर आहे. तू दारात पेटी घेऊन उभी राहिलीस की हिला कळेल, आपलं संपत आलं. म्हणून तुला अडवलं. तिचा धीर राखायला गेलो अन् तिची नात तिच्यापासून तोडली. शेवटचं अक्षर गुरू धरत गेलो, पण कविता तिथेच संपत होती.

एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. लवकर येऊ का, असं विचारणारं तुझं पत्र आलं, त्या रविवारी तिला काट्यावर धरून उभं केलं अन् अडीच म्हणालो. ती हसली. म्हणाली, "मले ठाऊक हाय हो. बांगड्या कोपराले जाऊन राह्यल्या, मले समजत नाही का? पण अडीच म्हन्ताना तुमचा आवाज सरळ येते, म्हून इचारत होते." मग म्हणाली, "पुष्पीले खरं लिहा पण. तिले हिशेब येते." मी हो म्हटलं. कागद काढला. खरं लिहिलं नाही.

आजही रविवार आला की काटा पुसून ठेवतो. त्यावर कुणी उभं राहत नाही, काटा शून्यावर असतो. पण तू लिहिलं होतंस, ढकलणाऱ्याला वस्तू किती अडून बसते, त्याचं माप स्लग. भिंतीला टेकवलेली तिची खाट मी दोनदा उचलायला गेलो, दोन्ही वेळा तिथेच ठेवून आलो. तिची रिकामी जागा मला बोटभर सरकवता येत नाही. त्याचे किती स्लग होतात, ते तू काढ. अन् या वेळी शेवटचं अक्षर गुरू धरू नकोस.

राग सरेल तेव्हा सरू दे. तोवर रागाचं का होईना, पत्र येऊ दे.

तुझा,
आबा